सतरा नंबर हाय

नवीन पनवेलच्या त्या प्रयोगशाळेत भामा उंदरांना दाणापाणी द्यायची आणि प्लेटा धुवायची. पगार धुण्याचा, पण नाक साऱ्या संशोधनात!

मेंदूतल्या प्रथिनाची घडी चुकली की माणसाला कंपवात होतो. फक्त त्या चुकलेल्या घडीलाच चिकटणारं प्रतिपिंड प्रयोगशाळेच्या प्रमुख स्नेहल मॅडमना उंदरांच्या पेशींतून मिळवायचं होतं, म्हणजे रोग वेळेत ओळखता येईल. "वाकड्याला पकडायचा, सरळाला सोडायचा," भामा सांगायची, "आमच्या सासूच्या उलट!"

हसायची, पण तळमळ खरी होती. तिचे वडील काशीराम चिरनेरात लटलट कापत चालायचे, आणि गावानं त्यांना बेवडा ठरवलं. तसेच गेले बिचारे.

त्या दिवशी नेमकं रंग मोजायचं यंत्र बिघडलं. प्लेटच्या प्रत्येक नंबरच्या खळग्यात एकेका पेशीगटाचं प्रतिपिंड टाकलेलं; ते चिकटलं की खळग्यात पिवळा रंग येतो. भामानं बघून सांगायचं, इंग्रजी शाळेत शिकलेल्या, मॅडमच्या हाताखालच्या केतननं लिहायचं, असं ठरलं. वाकड्या घडीची प्लेट झाली, मग सरळ घडीची आली.

"सतरा नंबर?"

"हाय जरासा."

केतननं 'हाय' तेवढं टिपलं.

संध्याकाळी यादी बघून मॅडमचा चेहराच पडला. सरळ घडीवरही सगळे हाय! दोन वर्षं पाण्यात. "भामाताई, सगळ्या पेशींवर ब्लीच ओता."

भामानं बाटली उचलली नि तशीच खाली आपटली. "सतरा का म्हनून मारायचा? सरळावर रंग दिसंल न दिसंल इतकाच हाय!"

"अहो, तुम्हीच हाय म्हणालात ना?" केतन कावला. "इंग्रजीत हाय म्हणजे भरपूर!"

"हाय म्हंजे हाय! आहे! मेल्या, मराठी इकून खाल्लीस का?"

केतननं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी यंत्र सुधारलं. वाकड्या घडीवर सतराचा आकडा भलामोठा, सरळ घडीवर जवळजवळ शून्य! मॅडमनी भामाला मिठीच मारली. "सोडा वो," भामा लाजली, "अंगाला उंदराचा वास येतोय."

त्याच आठवड्यात एस.टी. स्टँडवर तिला गावचे जगनकाका दिसले. तिच्या वडिलांना पहिल्यांदा बेवडा म्हणणारे हेच. त्यांच्या हातातला चहा बशीत, बशीतला धोतरावर सांडत होता, आणि बाकावरची पोरं खिदळत होती, सकाळीच चढवली म्हणून. भामाला क्षणभर गंमत वाटली, खोटं कशाला बोला! मग तिनं पुढे होऊन त्यांचा कप धरला.

"मी पीत नाय गो, भामा," काका रडकुंडीला आले.

"ठाव हाय, काका," ती म्हणाली. "माजा बा पन पीत नवता."