नुसता उजेड

कुणी विचारायच्या आत "मी आहे ना!" म्हणायची मला खोड आहे. मावसबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे नवाकोरा कॅमेरा होता, शनिवार-रविवारच्या फोटोग्राफीच्या क्लासचं सर्टिफिकेट होतं आणि ऑफिसातली चार माणसं वाहवा करत होती. झालं, स्वारी हवेत! सकाळच्या लग्नाला मावशीने फोटोग्राफर ठरवलेला होता. संध्याकाळचं रिसेप्शन मी अंगावर ओढून घेतलं.

हॉल राजाजीनगरला होता. इकडचं, कन्नड मुलखातलं, रिसेप्शन म्हणजे नवरा-नवरी स्टेजवर आणि खाली मारुतीच्या शेपटासारखी रांग. एकेक कुटुंब वर चढतं, पाकीट देतं, दोन बाजूंना उभं राहतं आणि फ्लॅश पडला की खाली उतरून जेवायला पळतं. मी पडले कलावंत, मला रांगेत काय रस? पहिला तासभर मी मेंदी, समया आणि गजरे टिपत होते. नुसत्या गजऱ्याचे साठ फोटो, तेही कॅमेऱ्यात असेल तेवढ्या मोठ्या साइजमध्ये. मग स्क्रीनकडे पाहिलं तर कार्डात जेमतेम चाळीस फोटोंची जागा, आणि रांग अजून दारापर्यंत. दुसरं कार्ड बनशंकरीला, घरी टेबलावर.

हे मावशीला सांगायचं? छे, नाक कापलं गेलं असतं. सकाळचा फोटोग्राफर आपले दिवे न्यायला आला होता, त्याला हळूच विचारलं. तो हसला आणि हिंदीत म्हणाला, त्यात काय, फ्लॅशच्या पाठीमागे बारीक बटण आहे, ते दाबा. उजेड पडतो, फोटो निघत नाही. लोक खूश होऊन उतरतात. महत्त्वाच्या माणसांचे तेवढे खरे काढा.

महत्त्वाची कोण, ते मी ठरवलं. काकांच्या साहेबांचा खरा, नवऱ्याकडच्यांचे खरे. ज्यांना मी ओळखत नव्हते, आणि ज्यांना ओळखत असूनही मोजत नव्हते, त्यांना नुसता उजेड. गजऱ्याचे फोटो पुसले असते तर साठजणांची सोय झाली असती. हे तेव्हाही सुचलं होतं. पुसवले नाहीत.

मग आमची शिवणाची अक्का एकटीच वर आली. बनशंकरीत जिन्याखाली तिचं एका मशीनचं दुकान आहे. घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मं कन्नड. नवरीचा ब्लाउज तिने शिवला होता. पाठीवर दोन राघू, सुईने भरलेले, तीन आठवडे डोळे फोडून. तिने नवरीला खांद्याला धरून जरासं वळवलं, राघू दिसायला हवेत म्हणून. मग स्वतःचा पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "स्वल्प थांब गं." मी थांबले. ती नीट उभी राहिली आणि मी ते बारीक बटण दाबलं. वर "झालं हं अक्का, छान आलाय," असंही म्हणाले. काय गरज होती?

आठवड्याने तिने फोटो मागितला. काम चाललंय, म्हटलं. पुढच्या आठवड्यातही तेच. शेवटी मी गजऱ्यांच्या नादात राघूंचा जवळून काढलेला फोटो मोठा करून नेला. तिने त्यावरून बोट फिरवलं, टाके बघितले, आणि म्हणाली, यात मी कुठाय? मी शिवलाय हे गिऱ्हाईक कसं मानणार? मशीनच्या वर भिंतीत नवा खिळा ठोकलेला होता. तिला त्या ब्लाउजशेजारी स्वतःला टांगायचं होतं, एवढंच तिचं मागणं. त्यानंतर मी तिच्या गल्लीतून जायचं सोडलं.

दोन महिन्यांनी भाजी घेताना ती समोरच आली. मी तोंड उघडायच्या आत तीच हळू आवाजात म्हणाली, "माझे डोळे मिटले असतील. म्हणून देत नाहीस ना? मला सवय नाही गं त्या उजेडाची."

एवढी मी तोंडाळ, मला खरं काय ते बोलता आलं असतं. वाक्य काही फार मोठं नव्हतं.

"हो अक्का," मी म्हटलं. "मिटले होते."

ती ओशाळली. उगाच तुझ्यामागे लागले, म्हणाली. माझ्या पिशवीत कढीलिंबाची जुडी घालून गेली. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी मी तिला हाक मारली नाही.

वर्षाने मावसबहिणीचं डोहाळजेवण निघालं. अक्काला मी स्वतः बोलावणं केलं, खिशात तीन रिकामी कार्डं घेऊन गेले. पण राघूंचा ब्लाउज आता बहिणीला कुठला बसायला! तिने बुटिकमधून आणलेला तयार घातला होता. अक्का शेजारी उभी राहिली आणि तिने डोळे ताणून जे उघडले ते मिटेचनात. पाणी वाहायला लागलं तरी मिटेनात. मी वीस फोटो काढले. विसांतही तेच डोळे.

"उघडे आहेत ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. या वेळी ते खरं होतं.

तो फोटो आता त्या खिळ्यावर आहे. मागच्या महिन्यात मी ब्लाउजपीस घेऊन बसले असताना एका बाईंनी फोटोकडे बघून विचारलं, हा तुम्हीच शिवलात का? अक्का म्हणाली, नाही. माझा याहून फार चांगला होता, पण त्या फोटोत माझे डोळे मिटले. ही पोर तरी काय करणार?

मग गळ्यातली टेप काढून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, हात वर कर. मी केले.