कॉम्प्युटरांचा पांजरपोळ

जगात ‘बंद पडलेली वस्तू’ असा काही प्रकारच नसतो, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. वस्तू बंद पडत नाही. ती थकते, रुसते, तिला काहीतरी सांगायचं असतं आणि ऐकणारा भेटत नाही, असं त्यांचं म्हणणं. घड्याळं, पंखे, शिलाई मशीन यांच्यावर त्यांनी हे तत्त्व तरुणपणीच वापरून पाहिलं होतं. पण खरा जीव जडला तो जुन्या कॉम्प्युटरांवर. धुळ्याच्या त्यांच्या घरात शिरलं की पुढच्या खोलीत सोफा नाही, टीव्ही नाही. भिंतीला लागून टेबलं, टेबलांवर ते पाठीमागे ढेरी सुटलेले मॉनिटर, शेजारी पिवळे पडलेले सीपीयू, आणि मधोमध लुंगी-बनियनवर, तोंडात स्क्रू धरून बसलेले आमचे साडू. ते मला साडूभाऊ म्हणतात, मी त्यांना नाना म्हणतो, आणि आमच्या बायका, म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी, आम्हाला काय म्हणतात ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

मी जळगावला राहतो आणि याद्या करून जगतो. वस्तू आणली की पावती फाइलला, तिचं काम संपलं की वस्तू घराबाहेर. नानांचं उलटं. वस्तूचं काम संपलं की ती त्यांच्या घरात येते. त्यातला एकही कॉम्प्युटर त्यांनी विकत घेतलेला नाही. लोक दुरुस्तीला म्हणून आणत, “बघून ठेवा नाना, घेऊन जातो” म्हणत, आणि तिथून परस्पर बाजारात जाऊन नवीन घेत. नाना मात्र ‘घेऊन जातो’ हा शब्द दिलेला शब्द मानत. मशीन दुरुस्त करायचं, पुसून ठेवायचं, आठवड्यातून एकदा चालू करून त्याला हिंडवून आणायचं, म्हणजे मालक आला तर मान खाली घालायला नको. मालक येत नसे. नाना वाट बघत.

प्रत्येक मशीनची तऱ्हा निराळी आणि ती नानांना सासरच्या माणसांच्या तऱ्हांपेक्षा जास्त पाठ. एक सीपीयू आडवा निजवल्याशिवाय चालत नसे. एकाचं बटण तीनदा दाबावं लागे. “पहिल्यांदा तो नुसता ऐकतो, दुसऱ्यांदा विचार करतो,” असं नाना सांगत. एकाच्या कीबोर्डवर उडालेल्या बटणाच्या जागी सदऱ्याची गुंडी चिकटवलेली होती. एकाची आतली बॅटरी कधीच संपलेली. तो रोज सकाळी उठला की आपल्या जन्मसालाची तारीख दाखवी. मी म्हटलं, “नाना, दहा-वीस रुपयांची बॅटरी येते, बसवून टाका की.” ते म्हणाले, “राहू द्या साडूभाऊ. म्हातारं माणूस सकाळी उठल्याबरोबर थोडं जुन्या काळातच असतं. चहा झाला की येतं भानावर.” आणि एक असा होता की स्वयंपाकघरात मिक्सर लागला की तो बसकण मारी. अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंनी, त्याचा उपयोग बरोबर हेरला होता. जेवायला दोन हाका मारायच्या, तिसऱ्या हाकेऐवजी रिकामा मिक्सर फिरवायचा. बाहेरून “अगं अगं अगं!” असा आवाज येई आणि मागोमाग नाना पाटावर येत.

रोगनिदान करण्याची त्यांची पद्धत वैद्याची. मशीन चालू होताना जी टीं-टीं करतं, ती ते डोळे मिटून ऐकत. “एक लांब, दोन आखूड. पडद्याचं कार्ड ढिलं आहे.” किंवा “हा खोकला रॅमचा.” मग रॅमची पट्टी काढून तिच्या दातांवर शाळकरी खोडरबर हळुवार घासायचं, की बहुतेकदा खोकला थांबे. एकदा माझा जळगावचा कॉम्प्युटर अचानक थबकला. मी सगळं क्रमाने तपासलं: वायर, प्लग, स्टॅबिलायझर. मग हरून फोन केला. नाना म्हणाले, “फोन त्याच्या पोटाशी धरा.” मी धरला. घरातली मंडळी दारात जमून माझ्याकडे बघत होती. मग नानांचा आवाज: “साडूभाऊ, आत पाल आहे.” मी म्हटलं, काहीतरीच. झाकण उघडलं तर पॉवर सप्लायच्या जाळीतून शेपूट बाहेर आलेलं. त्या दिवसापासून माझ्या बायकोच्या नजरेतली त्यांची किंमत जी वाढली ती माझ्या कोणत्याही यादीने कमी झाली नाही.

पोळ्याच्या दिवशी तर विचारू नका. बैलांसारखी सगळी मशीनं आदल्या दिवशी ब्लोअरने झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, कपाळावर कुंकवाचं बोट, समोर पुरणपोळीचा नैवेद्य, आणि दिवसभर एकाचंही बटण दाबायचं नाही. एका पोळ्याला शेजारचा माणूस रेल्वेच्या तिकिटाचा कागद काढायला आला. नाना ओट्यावर बसून शांतपणे आपल्या अहिराणीत म्हणाले, “आज पोळा शे भाऊ. आज कोनी बैल जुपस का?” शेजारी म्हणाला, “नाना, बैल नही, प्रिंटर शे!” नाना म्हणाले, “त्याले बी सुट्टी शे.” शेजाऱ्याने भर उन्हात चौकातलं दुकान गाठलं.

ऊन म्हणजे खानदेशातलं ऊन. नानांचं घर जुनं. खालची पुढची खोली जाड भिंतींची, गार. वर एकच खोली, पत्र्याची. साहजिकच कॉम्प्युटर खाली, कूलरसमोर. आणि नाना-अक्का वर. वैशाखात वरचा पत्रा असा तापे की दोघं गच्चीवर अंथरूण टाकत. मी एकदा स्पष्ट बोललो. म्हटलं, “नाना, माणसं वर भाजतात आणि डबे खाली थंड हवा खातात, हे काही बरं नाही.” त्यांनी माझ्याकडे, मूल काहीतरी अडाणी बोलल्यावर बघतात तसं बघितलं. “साडूभाऊ, माणसाला घाम येतो. यंत्राला येतो का?” अक्का जिना चढता-उतरता गुडघ्यावर हात ठेवून थांबत, पण त्यांनी कधी कुरकूर केली नाही.

मग गेल्या माघात अक्कांचा गुडघा बदलायचं ठरलं. डॉक्टरांसमोर आम्ही दोघं बसलो. मी प्रश्न लिहून नेले होते. ते विचारायची पाळीच आली नाही. नानांनी विचारलं, “नवा पार्ट जुन्या पायाशी जमवून घेईल ना?” डॉक्टर म्हणाले, घेईल. “वॉरंटी?” डॉक्टर हसले. “आणि जुना पार्ट आम्हाला परत देणार ना?” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. शेवटी डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली: ऑपरेशननंतर जिना पूर्ण बंद. खाली, न्हाणीघराजवळ खाट हवी.

खाली खाट म्हणजे पुढची खोली. पुढची खोली म्हणजे कॉम्प्युटर. ऑपरेशन झालं, नीट झालं, आणि अक्का रविवारी घरी येणार असं ठरलं. मी शनिवारी सकाळीच जळगावहून गाडी घेऊन धुळ्याला पोचलो. माझा बेत सरळ होता: भंगारवाला, टेंपो, दुपारपर्यंत खोली मोकळी. नाना म्हणाले, “भंगारात नाही. ही लोकांची ठेव आहे. मालकांना परत करू.” वाद घालण्यात दिवस गेला असता. म्हटलं, चला. मागच्या सीटवर आणि डिकीत बसतील तेवढी मशीनं जुन्या गोधड्यांत गुंडाळून ठेवली आणि निघालो. उरलेली दुसऱ्या फेरीत, असं ठरलं.

पहिला थांबा गावातलाच, बाजारपेठेतले मारवाडी शेठ. त्यांनी नानांना बघून गादीवरून उठून नमस्कार केला, कचोरी मागवली, पण सीपीयूकडे बघून दोन्ही हात वर केले. “नाना, म्हाताऱ्या गाईला आम्ही पांजरपोळात सोडतो. सोडली की परत आणतो का? तुमच्याकडे धाडला तेव्हाच मी पाणी सोडलं त्याच्यावर. पुण्याचं काम आहे, तुम्हीच करा.” आणि आम्ही कचोरी खाऊन उठतो तोवर त्यांच्या माणसाने आमच्या गाडीत एक मेलेला प्रिंटर आणून ठेवला होता. “आलाच आहात तर हाही न्या.” मी नको म्हणणार, तेवढ्यात नानांनी त्या प्रिंटरच्या झाकणावरून हात फिरवला. मी समजलो.

दुसरा थांबा भडगाव. पारोळ्यावरून गेलो. तिथे एक निवृत्त शिक्षिका, नाना त्यांना बाई म्हणत. त्यांचा तो तीनदा दाबायचा कॉम्प्युटर. बाई दारात आल्या आणि गाडीत बघून म्हणाल्या, “अय्या, हा आहे अजून?” नानांना तेवढं पुरे होतं. घरात नेऊन त्यांनी तो मांडला, जोडला, तीनदा बटण दाबलं. तो लागला. पडद्यावर बाईंनी कधीकाळी स्वतः टाईप केलेल्या चौथीच्या प्रश्नपत्रिका दिसू लागल्या. बाई चष्मा लावून बराच वेळ वाचत राहिल्या. ‘गिरणा नदीवर दोन वाक्ये लिहा’ हे वाचून हसल्या. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू म्हणत होते, बघा, मी सांगत होतो की नाही. मग बाईंनी चष्मा काढला.

“चांगला ठेवला हो नाना तुम्ही. अगदी माहेरवाशिणीसारखा. पण ठेवू कुठे मी याला?” त्यांनी आवाज खाली आणला. आत सून स्वयंपाक करत होती. “नातवांना अभ्यासाला खोली हवी म्हणून माझीच खाट आता गॅलरीत आली आहे. वारा चांगला येतो तिथे. पावसाळ्यात जरा शिंतोडे येतात, तेवढंच.”

नानांनी वायरी गोळा केल्या, वेटोळं केलं, गाठ मारली. चहा झाला. निघताना बाईंनी त्या सीपीयूला दोन थापट्या मारल्या, वर्गातल्या मुलाला मारतात तशा.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, आता पुढचा कोण? नाना म्हणाले, “घरी चला.” पारोळा जाईपर्यंत ते मांडीवरच्या वायरींची गाठ सोडत आणि पुन्हा मारत राहिले. घरी पोचल्यावर त्यांनी गाडीतलं पहिलं मशीन उचललं आणि पुढच्या खोलीत न जाता सरळ जिन्याकडे वळले.

“नाना, वर? वर पत्रा आहे.”

“माहीत आहे मला.”

“महिन्याभरात चैत्र लागेल. वैशाखात एकही टिकायचा नाही.”

“साडूभाऊ,” ते जिन्यावरूनच म्हणाले, “बोलत बसू नका. तो आडवा निजणारा आणा. आडवाच आणा.”

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी सगळा पांजरपोळ वर चढवला. मी त्या पायऱ्या पहिल्यांदाच इतक्या वेळा चढलो, आणि अक्का रोज का थांबत होत्या ते मला पोटऱ्यांनी सांगितलं. प्रत्येक मशीनवर नानांनी गोणपाट टाकलं, पत्र्याखाली थर्माकोल लावायचा प्रयत्न केला. तो पुरला नाही. खाली खोली रिकामी झाली तेव्हा भिंतींवर टेबलांच्या रेघा उमटलेल्या दिसल्या. आम्ही खाट उतरवली, कूलरसमोर लावली. नाना स्वतः एकदा तिच्यावर आडवे झाले आणि वारा कुठवर येतो ते बघून कूलर जरा डावीकडे वळवला.

यंदा वैशाखात कामानिमित्त धुळ्याला गेलो होतो. बाहेर पाऊल ठेववत नव्हतं. मी विचारलं, “वरच्या मंडळींचं काय?” नाना म्हणाले, “चैत्रात दोघं-तिघं बोलत होते. आता कोणी बोलत नाही.” एवढंच. मीही वर गेलो नाही.

खाली खाटेच्या कडेला अक्का पाय सोडून बसल्या होत्या. त्यांच्या समोर पाटावर नाना, मान तिरकी करून, गुडघ्याशी कान नेऊन. रोजचा व्यायाम चालला होता. “घाई नको. आधी नुसती बस, गरम होऊ दे त्याला. हं, आता वाकव. अडकलं? जोर नाही लावायचा. मागे ये. पुन्हा पहिल्यापासून.” कीबोर्डची गुंडी चिकटवताना जसा हात धरत, तसाच त्यांनी अक्कांच्या घोट्याला आधार दिला होता. आवाजात ना कंटाळा, ना उतावीळपणा. हा माणूस इतकी वर्षं इतक्या धीराने कुणाशी बोलत होता, ते मला नव्याने आठवलं.

अक्का वैतागल्या. “रोज तेच ते! मी काय तुमनं कॉम्प्युटर शे का?”

“नही वं,” नाना गुडघ्यावरून नजर न काढता म्हणाले. “त्यामा एक बंद पडनं तर दुसरं शे.”

कूलरचं पाणी टपटपत होतं. अक्कांनी पदर सारखा केला आणि कुणी न सांगता गुडघा आणखी थोडा वाकवला.