व्हय म्हणणारं टेम्प्लेट

पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम मी रत्नागिरीत, मांडवीच्या घरी बसून करते, हे आमच्या बॉसच्या डोळ्यांत खुपायचं. शेवटी त्यांनी अट घातली. नवी सर्व्हिस, म्हणजे एकच काम सतत करत राहणारा छोटा प्रोग्राम, लिहायला बसलेला प्रत्येक जण सुरुवातीला तेच ते लिहीत बसतो, तर एक तयार टेम्प्लेट कर. कॉपी करायचं, नाव बदलायचं, कामाला लागायचं. सगळ्यांसमोर नीट चालवून दाखवलंस तर राहा तिथेच, नाहीतर सोमवारपासून पुण्याला ये.

मला जायचं नव्हतं. आई गेल्यापासून बाबा एकटे, आणि मी नसले की ते चहा-बटरवर दिवस ढकलतात हे मला ठाऊक होतं. पण त्यांना विचारलं तर म्हणाले, "जा की. माजा काय आडलाय?" हा माणूस कोणाला कशालाच नाही म्हणत नाही. शेजाऱ्याने शिडी मागितली, घेऊन जा. पाहुण्याने शेवटची आंब्याची पेटी मागितली, घेऊन जा. आता मुलगी. मला भयंकर राग आला होता.

टेम्प्लेट आकाराला आलं तसे बाबा माझ्यामागे खुर्ची टाकून बसू लागले. या एकावरून पुढे पुष्कळ सर्व्हिसेस जन्माला येणार, एवढं त्यांना कळलं होतं. "मग गाऱ्हाना घातलास काय गो?"

आमच्या गावात विहीर खणायची असो की लग्न ठरवायचं असो, गाऱ्हाणं घातल्याशिवाय पान हलत नाही. एक जण देवाला सांगतो, बाकीचे वाक्यावाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. सांगायचा मान बाबांचा.

आता लॅपटॉपपुढे नारळ कुठे ठेवू? पण मला खोडी सुचली. प्रत्येक सर्व्हिसला अधूनमधून विचारावं लागतं, बाई, धड आहेस ना? ती "ओके" म्हणते. मी ओके पुसलं आणि तिथे "व्हय म्हाराजा" लिहिलं. बाबा इतके खूश झाले की दुपारभर स्वतःच ब्राउझर रिफ्रेश करत आणि उत्तराला मान डोलवत बसले.

दाखवायच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर सगळे जमले, स्क्रीनवर "व्हय म्हाराजा" उमटलं आणि पुण्याची टीम खो-खो हसली. बॉससुद्धा हसले. मग त्यांनी मला न सांगता, सर्व्हिसची सगळी माहिती जिथे साठवलेली असते तो डेटाबेस बंद केला आणि पुन्हा विचारलं.

"व्हय म्हाराजा."

"अगं, हिच्या पोटात काही उरलेलं नाही, तरी ही हो कशी म्हणते?"

कशी म्हणते! गाऱ्हाण्यात मागच्यांनी ऐकायचं कुठे असतं? सांगणारा श्वास घ्यायला थांबला की ओरडायचं. मीही तसंच करून ठेवलं होतं. आधी डेटाबेसला विचार आणि मग बोल, ही ओळच लिहिली नव्हती. या टेम्प्लेटवरून निघालेली प्रत्येक सर्व्हिस मेली तरी हो म्हणत राहिली असती. माझे कान तापले. "थोडा वेळ द्या, सर."

मी भराभर बदल केला. डेटाबेस भेटला तर व्हय, नाही भेटला तर "नाय म्हाराजा". बाबा मागून उखडलेच. "गाऱ्हान्यात नाय म्हनतात? देवाम्होरं?"

मी माइक बंद केला. "बाबा, खोटं हो ऐकून समोरचा निर्धास्त राहतो आणि इकडे सगळं बुडालेलं असतं. त्यापेक्षा खरं काय ते सांगावं." त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं, रुसले.

माइक चालू करून मी सरांना तयार असल्याचं सांगितलं. त्यांनी पुन्हा डेटाबेस पाडला. "नाय म्हाराजा." उठवला. "व्हय म्हाराजा." टीमने टाळ्या वाजवल्या. बॉसनी टेम्प्लेट पास केलं, पण सरळ हार मानतील तर ते बॉस कसले! "राहा म्हटलं होतं, राहा. तरी पण इथे आलीस तर फार बरं होईल. बाबांचं काय, त्यांना चालेल ना?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा माझ्या खांद्यावरून वाकले आणि देवळात लावतात त्या आवाजात म्हणाले, "नाय म्हाराजा!"

पलीकडे कोणी हसलं नाही. "बरं," बॉस म्हणाले, "मग विषय संपला." मी स्क्रीनकडेच बघत राहिले. मागे वळले असते तर रडले असते.