वडिलांचा प्रचार

आमचे वडील मुळात अबोल. बोलायचे ते म्हशीशी, तेही शिव्या द्यायला. त्या दुष्काळी वर्षी गावच्या दूध सोसायटीची निवडणूक तोंडावर आली आणि त्यांच्यात एकदम बदल झाला. सकाळी किटली घेऊन डेअरीकडे निघाले की दर आठ-दहा घरांमागे थांबायचे. ओट्याला टेकून "टँकर आलता का? पोरगी नांदायला गेली का?" अशी चौकशी करायचे आणि दोन मिनिटांनी पुढे निघायचे.

गावाने एकच अर्थ लावला. आण्णा संचालकपदाला उभे राहणार. वडील हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. आम्ही घरचे हुरळून गेलो. माझ्या लग्नपत्रिकेवर 'संचालकांची कन्या' छापायचं मी मनात ठरवूनही टाकलं.

सोसायटीचे चेअरमन वडिलांहून धाकटे, पण जुने विरोधक. आण्णा कुणाची मतं फोडतात हे बघायला एका सकाळी ते स्वतःच मागोमाग निघाले. दुपारी थेट आमच्या दारात.

"वैनी, ह्यांना दवाखान्यात न्या," ते आईला म्हणाले. "आज हे कुलूप लावलेल्या घरापुढं थांबलते. माणसं ऊसतोडीला गेलीत. कुलपाला कोण मत मागतंय? पोटरी चोळत हुबे होते."

"पाळत ठेवतो व्हय?" वडील आधी भडकले. मग कबूल केलं. चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की उतरतो. उगाच थांबलं तर लोक विचारतील, म्हणून गप्पा.

बीडच्या डॉक्टरांनी पावलावरची नाडी चाचपली, दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजला. म्हणाले, "पायाच्या रक्तवाहिन्या आत चरबी साचून अरुंद झाल्यात. जे पायात साचलं ते हृदयात साचलं नसेल, असं धरून चालू नका." हृदयाच्या एका वाहिनीत अडथळा निघालाच, पण वेळेत निघाला. विडी सुटली, गोळ्या लागल्या.

मला अजून लाज वाटते. रोज शेजारी बसून जेवणाऱ्या आम्हाला त्यांचं संचालकपद दिसत होतं. पाय दिसले ते त्यांना पाडायला निघालेल्या माणसाला.

चेअरमन दवाखान्यात भेटायला आले. "आण्णा, बरे व्हा आन् फॉर्म भरा," म्हणाले. "बिनविरोध निवडून यायात मजा न्हाई."

वडिलांनी पोटरीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "भरतो. पर तू आपला माझ्या मागं मागं चालत ऱ्हा."