हिरवा गहू आणि बारीक दाणा

“मॅडम, याला खत कमी पडलंय. सरळ दिसतंय,” तालुक्याचे साहेब बांधावर उभे राहून म्हणाले.

बांधाच्या अलीकडे अनसूयाकाकूंचा गहू, आखूड आणि पिवळा पडत चाललेला. पलीकडे त्यांच्या दिराचा, बाळारामचा. कमरेएवढा, काळपट हिरवा. फेब्रुवारी अजून अर्धा उरला होता आणि सकाळी दहालाच ऊन चटके देत होतं.

मी कृषी सहाय्यक. कडावच्या बाजूला सगळा भात. भातानंतर कालव्याच्या पाण्यावर गहू करून बघा, असं मीच दोघांना सांगितलं होतं. बियाणं एकच. युरियाही ठरवून दिला होता, थोडा पेरताना, थोडा पहिल्या पाण्याला. काकूंनी तसंच केलं. बाळारामने तिप्पट टाकला.

“बघा वयनी, मॅडमचं ऐकलंत ना?” बाळाराम हसला.

काकू माझ्याकडे वळल्या. “मॅडम, या तुकड्यात मी दरसाल वाल घालते. वरीसभर घरात पुरतो. तुमच्या शब्दावर या टायमाला नाय घातला.”

साहेबांनी हिरव्या शेताचा फोटो काढला. जीपमध्ये म्हणाले, “रिपोर्टमध्ये लिहा, उन्हात गहू टिकवायचा तर युरिया वाढवा. पुढच्या वर्षी हेच सगळ्यांना सांगू.”

मार्चमध्ये झोडणी झाली आणि सगळं उलटं निघालं. काकूंचा दाणा टपोरा. बाळारामकडे काडाचा ढीग मोठा, पण दाणा सुरकुतलेला.

“हा गहू हाय का जिरं?” त्याने तळहात माझ्यापुढे धरला.

गव्हाच्या दाण्यात आधी दुधासारखा चीक भरतो. थंडी असली की तो सावकाश भरतो. ऊन तापलं की पीक घाई करतं आणि दाणा अर्धवट राहतो. काकूंचा गहू ऊन तापायच्या आत भरला होता. आम्ही ज्याला खताची कमतरता म्हणत होतो, ते पिकणं होतं. जास्त युरियाने पीक पानंच वाढवत बसतं, पिकायला उशीर करतं. म्हणजे चोर युरिया. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात बाळाराम म्हणाला, “पन मॅडम, कालव्याकडच्या कोपऱ्यात दाणा बरा हाय. युरिया तिथं पन तेवढाच.”

“तो कोपरा कधी पेरलात?”

“वयनींच्याच दिवशी. बाकीच्यात भाताची उडवी रचलेली होती. ती हलवली, मग पेरलं. वीसेक दिवस गेले असतील.”

म्हणजे चोर उशिराची पेरणी? मी तिन्हीकडचा दाणा पुड्यांत बांधून आणला. टेबलावर शेजारी शेजारी ओतला. कोपऱ्यातला दाणा बाकीच्यापेक्षा भरलेला, पण काकूंच्यापेक्षा बारीक. कितीदा तरी चाळवून पाहिला. उशिराने किती बिघडवलं आणि युरियाने किती, काही केल्या कळेना.

“निष्कर्ष काय?” साहेबांनी विचारलं.

“उशीर, युरिया की दोन्ही, ते या शेतावरून नक्की सांगता येत नाही, सर.”

“असं कोणी लिहितं का? वर एक ओळ लागते.”

“एक ओळ आहे. युरिया वाढवा असं सांगू नका.”

त्यांनी तिन्ही पुड्यांतले दाणे चिमटीत धरून पाहिले. मग म्हणाले, “आणि माझा फोटो?”

“फोटोतला हिरवा रंग खरा आहे, सर. दाणा त्यात दिसत नाही.”

युरियाची शिफारस गेली. खाली शेरा आला, ‘प्रयोग पुन्हा घ्यावा.’

पुढच्या वर्षी काकूंनी अर्ध्या तुकड्यात वाल घातला, अर्ध्यात गहू. बाळारामला मी चार पट्टे आखून दिले. दोन लवकर पेरायचे, दोन उशिरा. प्रत्येक जोडीत एकाला कमी युरिया, एकाला जास्त.

“मंग यंदा कळंल ना?” त्याने विचारलं.

“कळेल,” मी ठासून सांगितलं.

त्या वर्षी थंडी मार्च उजाडेपर्यंत हटली नाही. चारही पट्ट्यांत दाणा जवळपास सारखाच भरला. बाळाराम खूश. मी पुन्हा तिथेच.

शेतात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मी आता प्रत्येक बैठकीत सांगते. हवा मात्र आमच्या बैठकीला येत नाही.