वाचते म्हणून लिहिलेली ओळ

नव्या सुती कापडाच्या खळीचा वास आला की मला सदर बाजारातलं ते दुकान आठवतं. नुकत्याच राजधानी झालेल्या रायपुरात नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांना मी तेव्हा दर शुक्रवारी एक ई-मेल पत्र पाठवायचे: हळदीकुंकू कुठे आहे, भजन कुठे आहे, घरच्या मुगवड्या कुणाकडे मिळतील. शेवटी एक ओळ ठरलेली असायची, ‘उत्तर लिहा, मी प्रत्येक उत्तर वाचते.’ वाचत मात्र नव्हते. त्या दुपारी दुकानात चादरी बघत असताना एका म्हाताऱ्या बाईंनी पत्रातल्या फोटोवरून मला ओळखलं. “आमच्या ह्यांनी तुम्हाले लिहिलं होतं. वाचलं ना?” संकोचून मी म्हणाले, “हो, वाचलं ना.” त्यांचा हात चादरीवरच थांबला. “मंग आल्या काहून नाही? शेवटपर्यंत तुमची वाट पाहून राहिले होते.” दुकानदार “दीदी, और दिखाऊँ?” विचारत होता, बाहेर स्कूटरचे हॉर्न वाजत होते. चादर न घेताच मी निघाले. घरी येऊन सगळी उत्तरं चाळत त्यांच्या यजमानांचं शोधलं. ते न उघडलेलंच पडलं होतं. ‘आजारी आहे. नातवंडं हिंदीतच बोलतात. एकदा या, घटकाभर मराठीत बोलू.’ आता मी आधी सगळी उत्तरं वाचते, मगच पत्र लिहायला बसते. ती ओळ पुन्हा कधी लिहिली नाही. त्या गृहस्थांच्या ई-मेल पत्त्यावर पत्र अजून जातं. दर शुक्रवारी ते कुणीतरी उघडल्याची नोंद मला दिसते. उत्तर येत नाही.