तुळसाचा पाय पोचला नाही

एस्पेरांसा फर्नांडिस कुडाळजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात अठरा वर्षं यंत्रांची रचना शिकवत होती. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण त्या वर्षी विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात काजू फोडायच्या यंत्रासमोर ती उभी राहिली आणि तिचं तोंड कडू झालं. यंत्राला गुलाबी रंग फासला होता.

"हा रंग कशाला?"

"बायकांसाठी आहे ना, मॅडम," सुशांत म्हणाला. गटाचा म्होरक्या तोच. पहिलं बक्षीसही त्यांनाच मिळालं होतं.

"किती बायकांनी चालवून बघितलं?"

तिघे मुलगे एकमेकांकडे बघू लागले. गटातली एकटी मुलगी, प्राजक्ता, जमिनीकडे.

दुसऱ्याच दिवशी एस्पेरांसाने यंत्र टेम्पोत चढवलं आणि चौघांना घेऊन वालावलजवळचा एक काजू कारखाना गाठला. तिथली तुळसा पंधरा वर्षं काजू फोडत होती. चिकाने तिची बोटं काळी पडली होती. ती यंत्रापाशी उभी राहिली. टाचा उचलून वरचा दांडा धरावा, तर पाय पेडलवरून सुटे. दहा मिनिटांत ती खांदा चोळत बाजूला झाली.

"मावशी, होईल सवय," सुशांत म्हणाला.

"सवय? माजो पाय पोचणा नाय रे, झिला! सवय माका कित्याक? तुमच्या मशीनाक लाव."

बाकीच्या बायका हसल्या. एस्पेरांसाला हसू आलं नाही.

बाहेर आल्यावर प्राजक्ता हळूच म्हणाली, "दांडा उंच होतोय, मी सांगितलं होतं, मॅडम. हे म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, तू रिपोर्ट लिही."

"शरम कशी वाटत नाही तुम्हांला?" एस्पेरांसा मुलग्यांवर कडाडली.

सुशांतने फाइल उघडली. "मापं तुमच्या नोट्समधलीच आहेत, मॅडम."

'सर्वसाधारण कामगाराची मापं.' बारा वर्षांपूर्वी तिनेच आपल्या वर्गातून घेतलेली. बेचाळीस जण, सगळे मुलगे. मथळा तिच्याच हातचा. वर्कशॉपमध्ये लेथवर काम करताना ती स्वतः लाकडी पाटावर उभी राहायची, आणि आपलीच उंची कमी म्हणून गप्प बसायची! पोरांची आलेली किळस तिच्यावरच उलटली. कोणी काही मुद्दाम केलं नव्हतं, हेच तिला सगळ्यात ओंगळ वाटलं.

बक्षीस मागे घ्या, असं तिने प्राचार्यांना सांगितलं.

"पेपरात फोटो आलाय, मॅडम. आता कशाला घाण उपसता?"

"घाण आहे म्हणूनच," ती म्हणाली आणि उठली.

बक्षीस राहिलं. पण एप्रिलभर चौघं कारखान्यात जाऊन बायकांची मापं घेत होती. प्राजक्ता टेप लावायची, सुशांत लिहून घ्यायचा. यंत्र नव्याने बांधलं. तुळसाने अख्खी सकाळ त्यावर काजू फोडले.

"आता बरां आसा," ती म्हणाली. "पेडल मात्र जड लागता हां, बाई."

तेही त्यांनी हलकं केलं.

आता दर वर्षी पहिल्या तासाला एस्पेरांसा मापांचा तो जुना तक्ता फळ्यावर काढते आणि खाली तो करणारीचं, म्हणजे आपलं, नाव लिहिते. मागच्या बाकांवर कोणीतरी हसतं. त्याचा तिला राग येत नाही. नाव लिहिताना मात्र अजून शिसारी येते.